वर काय आहे?

नॉर्वेमध्ये शुक्रवारी दुपारी तीननंतर माणसाला एकच प्रश्न विचारण्यात अर्थ असतो : शनिवार-रविवारी कुठे? बाकी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सोमवारी मिळतं. चारच्या सुमाराला आमच्या विभागात कॉफीचं यंत्र आणि आम्ही परदेशी विद्यार्थी एवढेच उरतो. आमच्या मार्गदर्शक बाई जाताना दारातून डोकावून बजावतात, "शनिवार-रविवारी काम करायचं नाही. बाहेर जायचं." हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग काळजीनं म्हणाली, "नक्की काय झालंय? चिडून नाही ना म्हणाल्या?"

चिडून नव्हत्या म्हणाल्या. कर भरणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं आणि रविवारी रानात जाणं ही इथल्या नागरिकाची तीन कर्तव्यं आहेत आणि पहिल्या दोहोंत एखाद वेळी सवलत मिळू शकते. बाहेर म्हणजे मॉलमध्ये नव्हे. रविवारी बहुतेक दुकानं बंदच असतात. बाहेर म्हणजे जिथे छप्पर नाही, डांबर नाही आणि शक्यतो दुसरा माणूस नाही अशा जागी. तिथे पाठीला सॅक लावून जायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची आणि परत यायचं, की झाली ‘तुर’. तुरीला जायला हवा चांगली असावी लागत नाही. हवा वाईट नसतेच, कपडे वाईट असतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्या पोराला तसा अधिकारही आहे, कारण बोलता यायच्या आधीपासून त्यानं दुपारची झोप पाळणाघराच्या अंगणात, बाबागाडीत, शून्याखालच्या थंडीत काढलेली असते.

ओस्लो शहरही याच हिशेबानं वसलंय. उत्तरेला शहर संपतं तिथे नूरमार्का हे जंगल सुरू होतं आणि जंगलाच्या दारापर्यंत मेट्रो जाते. आमच्या क्रिंगशो वसतिगृहाच्या पुढचं स्टेशन सोंग्सवान. तिथे पाच नंबरची लाइन संपते आणि तळं सुरू होतं. जंगलाच्या हद्दीत शहर घुसू नये म्हणून २००९ साली खास कायदा केला गेला. त्याहून जुन्या, १९५७ च्या एका कायद्यानं मोकळ्या रानात कुणालाही हिंडायची मुभा दिली, मग जमीन कुणाचीही असो. तंबू ठोकायचा तर जवळच्या घरापासून दीडशे मीटर लांब, एवढीच अट. सातबारा कुणाच्या नावावर आहे याची चौकशी न करता डोंगर चढता येतो यावर आमच्या गटातल्या सातारकर मित्राचा अजून विश्वास बसलेला नाही. तो दर वळणावर पावती फाडणारा माणूस शोधतो.

हिवाळ्यात सुटीच्या दिवशी एक नंबरच्या मेट्रोत निम्मे लोक स्की घेऊन उभे असतात. डिसेंबर १९७३ मध्ये तेलटंचाईमुळे शनिवार-रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी झाली, तेव्हा खुद्द राजे पाचवे ओलाव स्की घेऊन याच मार्गावरच्या गाडीनं निघाले. तिकिटाचे पैसे पुढे करणाऱ्या राजाचा तो फोटो इथे शेंबड्या पोरानंही पाहिलेला असतो. मी तो बाबांना पाठवला. तो मोठा करून आमच्या वॉर्डात चौकाचौकात लावावा, असं त्यांचं मत पडलं. खाली शुभेच्छुक म्हणून कुणाची नावं घालायची एवढाच प्रश्न उरला.

आमचा गट चौघांचा. एक सातारकर, एक नागपूरकर मैत्रीण, मी नाशिकची आणि वर्गातला एक नॉर्वेजियन मुलगा, ज्याचं सातारकरानं ओळख झाल्याझाल्या ‘नॉर्वेकर’ करून टाकलं. नॉर्वेकर उंचीनं सहा फुटांच्या वर आणि स्वभावानं गरीब. वर्गात त्याला बोलतं करायचं तर त्याच्या नावावर सादरीकरण लावावं लागतं. मार्चमधल्या त्या शनिवारी चालायचं आणि रविवारी स्की करायचं असा बेत त्यानं आखला. चालणं हा रविवारचा सराव, असं तो म्हणाला आणि ‘सराव’ हा शब्द सातारकराच्या जिव्हारी लागला. "केंजळगड, रायरेश्वर, कमळगड ओळीनं केलेत मी. मला कसला सराव?"

निघण्यापूर्वी कपड्यांची तपासणी झाली. नॉर्वेकरानं आम्हाला स्टेशनवर उभं करून एकच गोष्ट विचारली : आतून सुती घातलंय का? नागपूरकरनं घातलं होतं. आईनं खास सीताबर्डीवरून घेऊन दिलेलं. नॉर्वेकराचा चेहरा पडला. सुती कपडा घाम धरून ठेवतो, ओलाच राहतो आणि माणूस थांबला की त्याला गारठवतो. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. नागपूरकरनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "विदर्भातल्या पोरीले कापूस घालू नको म्हणते हा!" ती आमच्याकडे वळून म्हणाली. तिच्याकडे पांढरं सोनं म्हणतात ते कापसाला. इथे तो मान लोकरीचा. शेवटी तिनं स्टेशनच्या स्वच्छतागृहात जाऊन नॉर्वेकराच्या बहिणीची लोकरीची बनियन चढवली आणि दिवसभर ‘खाजून राहिली’ हे एकच क्रियापद वापरलं.

मोहिमेचा डोंगर होता वेत्ताकोलेन. उंची ४१९ मीटर. हा आकडा ऐकून सातारकर वाटेतच थांबला. "चारशे एकोणीस? अरे बाबा, आमचं सातारा गावच सातशे मीटरच्या वर आहे. म्हणजे एसटी स्टँडवर केळी विकणारी मावशी तुमच्या शिखराच्या वरच्या मजल्यावर बसलीय!" मी भाषांतर केलं. नॉर्वेकरानं मनात वजाबाकी केली आणि आदरानं मान डोलावली. "मग तिथे बर्फ छान टिकत असेल," तो म्हणाला.

चढ सोपा होता. वाट मात्र मार्चातली होती. दिवसा वरचा बर्फ थोडा वितळतो, रात्री तो पुन्हा गोठतो आणि सकाळी वाटेवर काच पसरलेली असते. त्यासाठी बुटाखाली रबरी पट्ट्यांनी खिळे अडकवायचे असतात. नॉर्वेकरानं ते वाटले. सह्याद्रीत पायाला खिळे लागत नाहीत म्हणून सातारकरानं ते खिशात ठेवले. पहिल्या वळणापर्यंत ते खिशात होते, दुसऱ्या वळणानंतर ते बुटाला होते. मधल्या वळणाविषयी त्यानं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गिर्यारोहणात काही गोष्टी डोंगरावर सोडून यायच्या असतात.

वाटेत एक चमत्कार दिसला. एरवी नॉर्वेजियन माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी तो उभा राहील, पण शेजारी बसून तुमच्यावर ओझं टाकणार नाही. लिफ्टमध्ये तो मजल्यांचे आकडे असे वाचतो की आजच परीक्षा आहे. तोच माणूस झाडीत शिरला की बदलतो. समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला हसून ‘हाय’ म्हणत होता. एक काका, एक काकू, एक कुत्रा, ज्याच्या वतीनं काकूच म्हणाल्या. सातारकरानं उत्साहाच्या भरात सगळ्यांना ‘राम राम’ घातला आणि त्यांनीही तो मान झुकवून स्वीकारला. यातलेच एक काका सोमवारी मेट्रोत माझ्यासमोर बसले होते. मी ओळखीचं हसले. त्यांनी घाबरून फोन काढला. जंगलातली ओळख शहरात दाखवायची नसते.

अर्ध्या वाटेवर सातारकरानं तो प्रश्न विचारला. प्रत्येक मराठी माणूस कुठलाही डोंगर चढताना कधी ना कधी तो विचारतोच : "वर काय आहे?"

नॉर्वेकराला प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, प्रश्न कळला नाही. "वर? वर टोक आहे," तो म्हणाला.

"टोक असणारच रे. टोकावर काय आहे?"

आमच्या बाजूनं हा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे कुणी नुसतंच वर जात नाही. वर तटबंदी असते, पाण्याचं टाकं असतं, दरवाजाशी मारुती असतो, एखादी गंजलेली तोफ असते. काहीच नसलं तर शेंदूर फासलेला दगड तरी असतो आणि गावातला मुलगा त्याची गोष्ट सांगतो. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली असते. आपला डोंगर म्हणजे एक काम असतं : दर्शन, इतिहास, नवस किंवा निदान भजी. नॉर्वेकरानं बराच विचार केला. पाहुण्यांना नाराज करायचं नव्हतं. "एक बाक आहे," तो शेवटी म्हणाला.

खरंच होता. वर मोकळं टेकाड, खाली सबंध ओस्लो, त्यापलीकडे फियॉर्डचं शिसवी पाणी आणि हे पाहायला एक बाक. बाकावर दोन आजी थर्मासमधून कॉफी ओतत बसल्या होत्या. आजूबाजूला आणखी चार-सहा माणसं बर्फात बसली होती. प्रत्येकाच्या खाली फोमचा एक चौकोनी तुकडा. हा तुकडा इथल्या प्रत्येक सॅकमध्ये असतो. मळका, कोपरे झिजलेला, कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं मार्करनं लिहिलेला. तो बर्फावर टाकायचा, त्यावर बसायचं आणि समोर बघायचं. कुणी बोलत नव्हतं. कुणी झेंडा काढला नाही, कुणी गटाचा फोटो घेतला नाही, कुणी स्पीकर आणला नव्हता. शिखरावर पोहोचल्यावर घोषणा द्यायची सातारकराची लहानपणापासूनची सवय. छाती भरून आली होती, मूठ वर जायला निघाली होती. तेवढ्यात आजींपैकी एकीनं वळून त्याला गोड हसून ‘हाय’ म्हटलं. त्यानं ‘हर हर’ एवढंच बारीक आवाजात म्हटलं आणि महादेवाला मनातल्या मनात हाक मारली.

मग शिदोरी निघाली. डोंगरात काय खायचं याचे नॉर्वेत लेखी नसलेले, पण कडक नियम आहेत. पावाच्या कापावर तपकिरी चीज. हे चीज दुधाचं पाणी आटवून आटवून करतात आणि ते गोड असतं. आम्ही ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा चव थेट खाली लागायला आलेल्या पेढ्याची लागली होती. त्यानंतर क्विक लुंश नावाचं चॉकलेट. ते १९३७ पासून मिळतं. चार कांड्यांचं, दिसायला किटकॅटचं जुळं भावंड, पण हे नॉर्वेकरासमोर म्हणायचं नसतं. वेष्टनाच्या आतल्या बाजूला डोंगरात सुरक्षित राहण्याचे नियम छापलेले सापडतात. असे एकूण नऊ आहेत. त्यातला आठवा सांगतो की वेळेवर माघारी फिरा, परत फिरण्यात लाज नाही. नागपूरकरनं हा नियम पायथ्याशीच दाखवायला हवा होता असं सांगितलं.

चॉकलेटनंतर संत्रं. बर्फात बसून संत्रं खाल्ल्याशिवाय तुर सुफळ संपूर्ण होत नाही. ईस्टरच्या सुटीत तर संत्र्यांचा सडा पडतो. नॉर्वेकरानं मोठ्या प्रेमानं एक सोलून नागपूरकरच्या हातात दिलं. आम्ही दोघांनी श्वास रोखला. तिनं साल बोटांनी चाचपली, फोड उजेडाकडे धरली, खाल्ली आणि निकाल दिला. "बाप्पा, ही तर मोसंबी आहे." स्पेनहून आलेल्या फळाचा असा अपमान त्या टेकडीवर आधी झाला नसावा. पण ती वनस्पतिशास्त्राला धरून बोलत होती. नागपुरी संत्रं मँडरिनच्या घरातलं, सैल सालीचं; युरोपात ज्याला संत्रं म्हणतात ते गोड, घट्ट सालीचं फळ आपल्या मोसंबीच्या घरातलं. नॉर्वेकरानं ते फोनवर तपासलं. तेव्हापासून तो तिच्याशी जपून बोलतो.

संध्याकाळी रविवारची तयारी. ‘बुआ’ नावाची इथे एक व्यवस्था आहे. तिथे स्की, बूट, काठ्या उसन्या मिळतात, तेही फुकट. सातारकर म्हणाला, जगातला हा पहिला बुआ, जो देतो. नॉर्वेकराचे स्की स्वतःचे. रात्री त्यानं ते आमच्या सामाईक स्वयंपाकघरात आडवे घातले आणि खाली मेण लावायला बसला. कुठलं मेण लावायचं हे उद्याच्या हवेवर ठरतं. कडक थंडीला निळं, शून्याच्या आसपास लाल, ओल्या किंवा गोठून खडबडीत झालेल्या बर्फाला एक चिकट राळेसारखी पेस्ट, जी एकदा हाताला लागली की पदवी मिळेपर्यंत निघत नाही. मजल्यावरचे चार नॉर्वेजियन गोळा झाले. एरवी हे लोक एकमेकांच्या आडनावांचीही चौकशी करत नाहीत. आता निळं की जांभळं यावर तासभर वाद रंगला. आवाज चढले. एक जण तर ‘नाही’ म्हणाला, सरळ तोंडावर. आम्ही तिघं पोहे खात बघत होतो. एवढे उघड मतभेद नॉर्वेत आम्ही प्रथमच पाहिले.

रविवारी सकाळी एक नंबरची मेट्रो. वाटेत होल्मेनकोलनची ती प्रचंड उडीची घसरगुंडी लागते. १८९२ पासून तिथे स्कीच्या स्पर्धा होतात. मार्चमधल्या स्पर्धांना लोक जंगलात शेकोट्या पेटवून, सॉसेज भाजत, घंटा वाजवत ओरडतात. म्हणजे यांना ओरडता येतं. वर्षभराचं साठवून ठेवतात इतकंच. हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासात सर्वांत जास्त पदकं या देशाची आणि लोकसंख्या साधारण पंचावन्न लाख, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. मुलं पायात स्की घालूनच जन्माला येतात, असं ते स्वतःच म्हणतात. बाळंतपणाच्या दृष्टीनं ही कल्पना नागपूरकरला मुळीच आवडली नाही.

मेट्रोत मुका असलेला नॉर्वेकर फ्रोग्नरसेतरेनच्या शेवटच्या स्टेशनबाहेर पाऊल टाकताच बोलू लागला. १८८८ साली नान्सेननं स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार केलं ते त्यानं सांगितलं. १२०६ सालची गोष्ट सांगितली. गादीचा वारस असलेला दोन वर्षांचा राजपुत्र शत्रूपासून वाचवायचा होता. दोन योद्ध्यांनी त्याला घेतलं आणि भर हिवाळ्यात स्कीवरून डोंगर ओलांडला. आजही त्या आठवणीत ५४ किलोमीटरची शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धकाला पाठीवर साडेतीन किलोचं ओझं न्यावं लागतं, बाळाचं म्हणून. सातारकरानं लगेच हिरकणी काढली. बाळासाठी रायगडाचा कडा रात्री उतरलेली आई. नॉर्वेकर हरखला. "मग तुम्ही तिच्या नावानं काय सुरू केलंत?" सातारकर अडखळला. "बस," मी सांगितलं. "निमआराम."

शिकवणी सुरू झाली. इथला मूळ प्रकार उतारावरून सुसाट सुटण्याचा नाही, रानातून मैलोन्‌मैल चालण्या-घसरण्याचा आहे. बुटाचा फक्त चवडा स्कीला अडकतो, टाच मोकळी राहते. बर्फात यंत्रानं दोन समांतर खाचा पाडून ठेवलेल्या असतात. त्यात स्की ठेवायचे. स्कीच्या मधल्या भागाला पकड असते, टोकांना घसरण. एका पायावर पूर्ण वजन दिलं की तो स्की बर्फाला धरतो आणि त्याच्या जोरावर दुसरा पुढे सरकतो. नॉर्वेकरानं हे तीनदा समजावलं आणि आम्ही तीनदा जागच्या जागी मागे गेलो. मग सातारकराला उलगडा झाला. "वजन ठेवल्याशिवाय पुढे सरकत नाही. अरे, हे तर तहसील कचेरीचं आहे!" त्यानंतर तो खरंच दहा पावलं गेला.

पुढे किंचित उतार आला. उतारावर थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब करायची आणि गुडघे आत दाबायचे. हे वाक्य म्हणायला जितका वेळ लागतो तितक्यात उतार संपतो. मी बाजूच्या मऊ बर्फात बसले. बसले हा शब्द नाशिकच्या सभ्यतेला धरून वापरला आहे. एक पाय आकाशाकडे, एक काठी झाडात, टोपी कुठे ते वसंत ऋतूत कळणार होतं.

नाशिकला मेनरोडवर माणूस स्कूटरवरून पडला तर क्षणात वीस जण जमतात. एक पाणी आणतो, एक स्कूटर उचलतो, तिसरा ‘ब्रेक पुढचा दाबला असणार’ असं निदान करतो, चौथा म्हणतो अरे, या तर पाटील सरांच्या कन्या. पडणाऱ्याला वेदना जाणवायला फुरसतच मिळत नाही. इथे मी पडले आणि काहीच झालं नाही. सत्तरीच्या पुढच्या एक आजी सुळ्ळकन शेजारून गेल्या. एक बाबा गेले. त्यांच्या कमरेला दोरीनं बांधलेली छोटी बंद घसरगाडी आणि तिच्यात गाढ झोपलेलं बाळ. पाच-सहा वर्षांचं एक पोर काठ्यांशिवाय गेलं. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलं नाही, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पडणाऱ्याकडे न बघणं हाच इथला शिष्टाचार. मी मात्र तिथे पडून अस्वस्थ झाले. लोक काय म्हणतील या चिंतेत आपला अर्धा जन्म जातो. पण लोक काहीच म्हणत नाहीत हे भर बर्फात उताणं पडून कळतं, तेव्हा त्या चिंतेचं करायचं काय हा नवाच पेच उभा राहतो. आपल्याला चढायला कारण लागतं आणि पडायला प्रेक्षक. या देशात दोन्ही मिळत नाहीत.

एकाच गुन्ह्याला इथे प्रेक्षक मिळतात, हेही त्याच दिवशी समजलं. सातारकर कंटाळला, स्की काढून त्यानं खांद्यावर घेतले आणि चालू लागला. चालायला सोयीची म्हणून त्या यंत्रानं पाडलेल्या खाचेतूनच. भकाभक खड्डे. वीस पावलं गेला असेल-नसेल, एक उंच, पांढऱ्या भुवयांचे आजोबा त्याच्यासमोर येऊन थांबले. मी पडले तेव्हा हेच आजोबा ढगांकडे बघत गेले होते. आता ते बोलू लागले. सौम्य आवाजात, पूर्ण वाक्यांत, न थांबता. खाच पहाटे पाडलेली असते. त्यात एक खड्डा पडला की मागून येणारा प्रत्येक जण तिथे धडपडतो. चालणाऱ्यानं कडेनं चालावं. मागे आणखी तिघे येऊन उभे राहिले आणि प्रत्येक वाक्याला माना डोलावू लागले. सातारकराच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरलं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्याभोवती गर्दी जमली होती. त्यानं हात जोडून ‘चुकलं’ म्हटलं. आजोबांनी भाषा न कळताही ते मान्य केलं, ‘तुर छान होवो’ म्हणाले आणि निघून गेले.

जवळच्याच त्रिवान्सस्तुआ नावाच्या लाकडी उपाहारगृहापाशी आम्ही कसेबसे पोहोचलो. बाहेर स्कींचं रान उभं केलेलं. हजारो क्रोनरचे स्की, कुलूप नाही, राखणदार नाही. आत हृदयाच्या आकाराची वॉफल आणि ओल्या मोज्यांचा वास. नागपूरकरनं तिथेच जाहीर केलं की परत ती उभ्यानं येणार नाही. नॉर्वेकराकडे तिच्यासाठी तोडगा होता. फ्रोग्नरसेतरेनपासून खाली सुमारे दोन किलोमीटरची नागमोडी वाट आहे. भाड्यानं घसरगाडी घ्यायची, तिच्यावर बसायचं, सुटायचं आणि खाली पोहोचलं की गाडी काखोटीला मारून मेट्रोनं वर यायचं. पुन्हा सुटायचं. तिनं एकदा करून पाहिलं आणि मग ती आम्हाला संध्याकाळीच भेटली. गालांवर लाली, आवाज बसलेला. "हे कसं, बुद्धीचं काम आहे," ती म्हणाली. "उतरायचं बसून आणि चढायचं तिकिटावर."

रात्री आईचा फोन आला. "काय गं, डोंगरावर गेली होतीस ना? वर काय होतं?"

"बाक."

"आणि?"

"बाकच."

"मग एवढ्या थंडीत गेलात कशाला?"

मी म्हटलं, बसायला. यावर तिनं फोन बाबांकडे दिला.

सोमवारी जेवणाच्या सुटीत नॉर्वेकर पुन्हा गप्प. पण डबा खाता खाता त्यानं एकदम विषय काढला. त्याला महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर चढायचा होता. संत्र्याचा वचपा काढायचा असावा. सातारकरानं ताबडतोब कळसूबाई मांडायला घेतली. उंची १६४६ मीटर. पायथ्याला बारी गाव, कड्यांना लोखंडी शिड्या आणि माथ्यावर देवीचं मंदिर. वाटेत ताक मिळतं, लिंबू सरबत मिळतं, भर पावसात ताडपत्रीखाली मॅगी मिळते. पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री मुंबई, पुणे, नाशिकहून बसेस भरून येतात, शिड्यांना रांग लागते. रांगेत गाणी, गाण्यांवर शिट्ट्या, शिट्ट्यांवर घोषणा. वर गेल्यावर घंटा वाजवायची, प्रसाद घ्यायचा आणि ढगात उभं राहून फोटो काढायचा, ज्यात ढगाशिवाय काही येत नाही. पडलास तर वीस जण उचलतील, शिवाय तुझं गाव, शिक्षण आणि पगार विचारतील. सांगता सांगता आम्हा तिघांचे डोळे चमकायला लागले.

नॉर्वेकरानं सगळं लक्षपूर्वक ऐकलं. वहीत शिड्यांची नोंद केली. मग अगदी अदबीनं त्याची एकच शंका विचारली, "तिथे शांतता असते का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सातारकरानं जबाबदारी घेतली.

"असते की," तो म्हणाला. "मंगळवारी."